३८ अंश आणि ९० टक्क्यांवरचा आकडाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी प्लास्टिकला सेल्युलोजचा (म्हणजे वनस्पतींच्या तंतूंमधल्या मूळ पदार्थाचा) पर्याय सापडल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. 'ऑक्सिजन रोखण्यात प्लास्टिकपेक्षा सरस' हे वाक्य त्यांत हमखास असते. ते खोटे नाही, पण कोरड्या हवेपुरतेच खरे आहे. नॅनोसेल्युलोजच्या, म्हणजे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या, पातळ पापुद्र्यात (फिल्ममध्ये) तंतूंची वीण इतकी घट्ट बसते की ऑक्सिजनला वाट सापडत नाही. मात्र हेच तंतू पाण्याला ओढून घेतात. आर्द्रता साधारण ६५-७० टक्क्यांपुढे गेली की फिल्म फुगते, वीण सैल होते आणि ऑक्सिजन आत शिरू लागतो. पाण्याची वाफ तर ती आधीपासूनच नीट अडवत नाही. कोकणातल्या जुलैत ८५ टक्के आर्द्रता ही नेहमीचीच गोष्ट, आणि प्रयोगशाळेतले आकडे बहुधा २३ अंश सेल्सिअस व ५० टक्के आर्द्रतेवरचे, कधी तर पूर्ण कोरड्या हवेतले. उष्ण-दमट हवेसाठी ३८ अंश व ९० टक्के अशी चाचणीची रूढ अट आहे. त्या अटीवरचा आकडा बातमीत नसेल, तर त्या फिल्ममधला चिवडा पावसाळ्यात कुरकुरीत राहील असे कुणी धरून चालू नये.

हे दुखणे जुने आहे. स्विस रसायनतज्ज्ञ ब्रांडेनबर्गर यांचे सेलोफेन, म्हणजे सेल्युलोजचाच पारदर्शक कागद, पाणी झिरपू देत नव्हते, पण वाफ सोडत होते. १९२७ मध्ये ड्यू पाँट या अमेरिकी रसायन कंपनीच्या विल्यम हेल चार्च यांनी त्यावर नायट्रोसेल्युलोज आणि मेण असलेला अगदी पातळ लेप दिला, तेव्हा कुठे ते खाद्यपदार्थांना खऱ्या अर्थाने उपयोगी पडले. आजचे संशोधनही लेपाभोवतीच फिरते आहे: कार्नोबा हे वनस्पतीजन्य मेण, मधमाश्यांचे मेण, तंतूंवर रासायनिक क्रियेने चढवलेले मेदाम्लांचे थर, किंवा दोन जलरोधी थरांमध्ये दाबलेले नॅनोसेल्युलोज.

कारखान्यातली खरी डोकेदुखी मात्र वाळवण्याची. नॅनोसेल्युलोज जेलसारखे मिळते आणि त्यात घन भाग जेमतेम १ ते २ टक्के असतो. २ टक्क्यांच्या जेलपासून १ किलो कोरडी फिल्म हवी असेल तर ४९ किलो पाणी घालवावे लागते. घाई केली की फिल्म आकसते, सुरकुतते. आधीच वाळवून भुकटी करावी, तर तंतू एकमेकांना असे चिकटतात की पाण्यात पुन्हा धड सुटे होत नाहीत. म्हणून अख्खी फिल्म करण्यापेक्षा कागदावर पातळ थर देणे मला जास्त व्यवहार्य वाटते. शिवाय सेल्युलोज वितळत नाही, त्याआधीच करपते. त्यामुळे पिशवीचे तोंड उष्णतेने बंद करायला वेगळा वितळणारा थर लागतोच. तो पॉलिथिनचा असेल तर पिशवीला नुसते 'कागदी' म्हणणे ही दिशाभूल आहे. पीएलए या वनस्पतीजन्य प्लास्टिकचा असेल तर तो कुजायला ५८ अंशांच्या आसपासचे औद्योगिक कंपोस्ट लागते, घरच्या कुंडीत तो तसाच पडून राहतो.

उसाच्या चिपाडाच्या ताटल्यांबद्दलही लिहायला हवे. लगद्याची ताटली मुळात तेल शोषते. ते थांबवण्यासाठी लगद्यात फ्लोरिनयुक्त रसायने, म्हणजे 'पीफास', घालण्याची पद्धत होती. ही रसायने निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. युरोपीय संघात १२ ऑगस्ट २०२६ पासून अन्नाच्या वेष्टनातील पीफासवर मर्यादा येत आहेत. एकूण फ्लोरिन ५० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ५० भागांपेक्षा) जास्त निघाले, तर ते कुठून आले याचा हिशेब द्यावा लागेल. आपल्याकडे घाऊक खरेदी करणाऱ्या केटररांनी निदान एकूण फ्लोरिनचा चाचणी अहवाल मागावा. नुसत्या 'किट' या तेलरोधकता मोजणाऱ्या चाचणीच्या क्रमांकावर भुलू नये. त्या चाचणीत एरंडेल, टोल्युइन व हेप्टेनच्या मिश्रणाचा थेंब कागदावर १५ सेकंदच ठेवतात. कढईतून काढलेली भजी ताटलीत त्याहून बराच वेळ असतात.

आपला,
एक वाचक, पुणे