सर्टिफिकेट मिळाले, पुढे काय?

कर्करोगाच्या उपचारांनंतर फिटनेस सर्टिफिकेट हातात पडले की सगळ्यांना वाटते, आता माणूस पूर्वीसारखा कामाला लागणार. प्रत्यक्षात केमोथेरपीनंतरचा थकवा कित्येक महिने रेंगाळू शकतो. ओळखीचे नाव ऐनवेळी आठवत नाही, साधा ईमेल पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. खचतो तो आत्मविश्वास, आणि तो नुसता घरी बसून परत येत नाही. ‘झेपेल ना तुला?’ असे दहा जणांनी विचारण्यापेक्षा (काळजीपोटीच, मान्य!) साहेबांनी एखादे छोटे, नेमके काम सोपवावे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टर चालणेही टप्प्याटप्प्याने वाढवायला सांगतात. मग कामाचे तास तसेच, आधी अर्धा दिवस आणि हळूहळू पूर्णवेळ, असे वाढवायला कार्यालयांची हरकत का असावी?