‘सुरकुत्यारोधक कपडे’ या प्रोग्राममध्ये कपडे चुरगळत असल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचे वॉशर-ड्रायर मी घेतले ते ‘सुरकुत्यारोधक कपडे’ या प्रोग्रामसाठी. आमच्या घरात कामावर घालायचे बहुतेक शर्ट पॉलिएस्टर-कॉटनचे आहेत आणि नेमके तेच या प्रोग्राममधून चुरगळून बाहेर येतात.

पॉलिएस्टर साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडते आणि ज्या अवस्थेत निवते तसेच राहते. म्हणून असे कपडे कोमट पाण्यात धुऊन, गार पाण्यात विसळून, कमी वेगाने पिळायचे असतात. वाळवण्याच्या शेवटी हीटर बंद करून ड्रम काही मिनिटे फिरता ठेवायचा असतो. आपला प्रोग्राम पिळताना थेट १४०० फेऱ्यांवर जातो आणि वेग कमी करू देत नाही. वाळवण संपताच ड्रम थांबतो. कपडे तेव्हा कढत असतात आणि आतली उष्णता उतरेपर्यंत दारही उघडत नाही! तोवर सगळे शर्ट एकमेकांखाली दबून निवतात. त्या चुण्या इस्त्रीनेसुद्धा सहजी जात नाहीत.

आपल्या हेल्पलाइनवरून ‘कपडे लगेच बाहेर काढा’ असे सांगण्यात आले. दार बंद असताना ते कसे काढायचे? ‘कपडे कमी घाला’ हा दुसरा सल्ला. माहितीपुस्तिकेत वाळवण्यासाठी दिलेल्या वजनाच्या निम्मेच कपडे घालून पाहिले, तरी फरक पडला नाही. आपल्या तंत्रज्ञाने हीटर आणि सेन्सर तपासून दोन्ही ठीक असल्याचे लिहून दिले आहे, म्हणजे दोष प्रोग्रामच्या आखणीतच आहे. हेच शर्ट नाजूक कपड्यांच्या प्रोग्राममध्ये धुऊन, ओलसर असतानाच हँगरवर टांगले की जवळजवळ सपाट वाळतात. त्यामुळे कापडाला बोल लावू नये.

या प्रोग्राममध्ये पिळण्याचा वेग कमी करण्याची सोय आणि शेवटी थंड हवेचा टप्पा सॉफ्टवेअरमधून जोडून द्यावा. ते शक्य नसेल, तर मशीन परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. माहितीपुस्तिकेतले ‘इस्त्रीची गरज नाही’ हे वाक्यही काढावे, कारण ते वाचून आणखी लोक फसतील.

१५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. तंत्रज्ञाचा अहवाल, शर्टांची छायाचित्रे आणि प्रोग्राम संपतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

आपला,
एक ग्राहक