बुराना ते ताश राबात : आमच्या ड्रायव्हरदादांना पत्र

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुमचा मुलगा हे पत्र फोनवर भाषांतर करून तुम्हाला वाचून दाखवेलच. तरी मुद्दाम मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितेय. किर्गिझस्तानला निघालेल्या आमच्या माणसांनाही तुम्ही काय केलंत ते कळू दे.

बुरानाचा मनोरा अकराव्या शतकातला, काराखानी राजांच्या बालासागुन शहराचा. मूळ उंची सुमारे ४५ मीटर, भूकंपानंतर उरला जेमतेम २५. आतला जिना अंधारा, अरुंद. आईला तो झेपणारा नव्हता. आम्ही वर गेलो, पण तुम्ही तिला गाडीत बसवून ठेवलं नाहीत. हात धरून बालबालांकडे नेलंत. जुन्या तुर्की लोकांनी गेलेल्या माणसांसाठी उभे केलेले ते दगड : रुंद चेहरा, जुळलेल्या भुवया, पोटाशी धरलेला पेला. आम्ही खाली आलो तर आई म्हणाली, "अगं, हे तर आपल्या वीरगळांसारखे!" त्या दिवसातलं सर्वांत मोलाचं तिनेच पाहिलं, असं मला मनापासून वाटतं.

तिथून जवळच आक-बेशीम, म्हणजे जुनं सुयाब शहर. ह्युएन त्संग ६३०च्या सुमारास इथे तुर्की खानाला भेटला आणि पुढे पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला. बघायला फक्त मातीचे उंचवटे, तरी आमच्या हट्टापायी तुम्ही थांबलात.

आणि ताश राबात! नारीन शहर ओलांडून, हिरव्या दरीच्या टोकाला, सुमारे ३,२०० मीटरवर पंधराव्या शतकातली दगडी सराई. मागची बाजू डोंगरात शिरलेली, मधल्या दालनावर घुमट, दोन्ही अंगांना बुटक्या दारांच्या खोल्या. काशगरच्या वाटेवरचे व्यापारी इथे मुक्काम करत. आम्हीही शेजारच्या युर्तमध्ये, म्हणजे तिथल्या गोल लोकरी तंबूत, राहणार होतो. पण रात्री उंचीमुळे आईचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या. तुम्ही तिच्या ओठांचा रंग पाहिलात आणि सकाळची वाट न बघता गाडी काढलीत. त्या खडबडीत रस्त्याने सावकाश आत-बाशी गावापर्यंत, हजारएक मीटर खाली. पहाटे तिने स्वतःहून चहा मागितला.

त्या फेरीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. वयस्कर आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनो, उंचीची सवय व्हावी म्हणून आधी नारीनला मुक्काम करा, हे दादांनी आम्हाला बजावलेलं इथे सांगून ठेवते.

आई आता ठणठणीत आहे. तिचे तुम्हाला आणि लेकरांना खूप खूप आशीर्वाद.

तुमची ऋणी,
पुण्याची धाकटी बहीण