थोरांची बहीण

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत स्वर्णकुमारी देवींवरचा लेख वाचला. अर्धं पान दिलंत, त्यातल्या निम्म्या जागेत रवींद्रनाथांची दाढी. मथळा काय, तर ‘रवींद्रनाथांची विस्मृतीत गेलेली बहीण’. विस्मृतीत ढकललं कुणी, हे मात्र लेखात कुठे सापडलं नाही.

अहो, 1876 साली या बाईंची ‘दीपनिर्वाण’ कादंबरी छापून आली तेव्हा धाकटे बंधुराज पंधरा वर्षांचे होते. बाईंनी कविता केल्या, गीतनाट्य लिहिलं, 1882मध्ये ‘पृथिवी’ हे विज्ञानाचं पुस्तक काढलं. 1884पासून ‘भारती’ मासिक ओळीनं अकरा वर्षं सांभाळलं, पुढे पुन्हा एकदा हाती घेतलं. आणि आपले लेखक महाशय लिहितात, ‘संपादनकार्यातही त्यांनी हातभार लावला.’ महिन्याच्या महिन्याला अंक काढायचा, लेखकांच्या मागे लागायचं, याला हातभार म्हणतात? मग आपण रोज काय लावता, तेही एकदा कळू द्या. (राग मानू नये.)

मला एवढं झोंबायचं कारण घरचं आहे. बारा वर्षांपूर्वी माझ्या कवितासंग्रहाचं प्रकाशन इथल्या एका वाचनालयात झालं. सूत्रसंचालकांनी ओळख करून दिली, “आपल्या लाडक्या सरांच्या सुविद्य पत्नी फावल्या वेळात कविताही करतात.” सर म्हणजे आमचे हे. शाल माझ्या खांद्यावर पडली, नारळ ह्यांच्या हातात गेला आणि मनोगतालाही ह्यांनाच उभं केलं. बिचारे दहा मिनिटं गणिताच्या अध्यापनावर बोलले. फावला वेळ म्हणे! पहाटे साडेचारला उठून, दूध वर येईपर्यंत लिहिलेल्या ओळी होत्या त्या. दोनदा दूध उतूही गेलंय.

असो. कलकत्ता विद्यापीठानं 1927मध्ये बाईंना जगत्तारिणी सुवर्णपदक दिलं, ते आपल्या लेखात शेवटच्या ओळीत ‘शिवाय’ म्हणून आलं आहे. बरं, भावांचंच कौतुक करायचं होतं, तर सत्येंद्रनाथांचं तरी नाव घ्यायचं. ते आमच्या सोलापुरात न्यायाधीश होते. तेही राहिलं.

पत्र उशिरा पोचलं तर टपालखात्याला बोल लावू नये. आपली रविवारची पुरवणी आमच्या गल्लीत सोमवारी पडते, तीही शब्दकोडं कुणीतरी अर्धं सोडवून. आडवा 7 चुकलेला होता.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर