बारा तासांची 'संमती' : कामगार मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतली कामाची मर्यादा रोजच्या 9 तासांवरून 12 तासांवर नेण्याला मंजुरी दिली. दुकानं आणि आस्थापनांसाठी 9 चे 10 तास झाले. तीन महिन्यांत जास्तीत जास्त 115 तास ओव्हरटाइम घेता यायचा, तो आकडा 144 वर गेला. सलग पाच तास काम झालं की मिळणारी विश्रांतीची सुट्टी सहा तासांवर ढकलली. एवढं सगळं करताना आपल्या सरकारनं कामगारांना एक हमी दिली, की जादा कामासाठी त्यांची लेखी संमती घेतली जाईल. हे पत्र त्या संमतीबद्दल आहे. ती कशी घेतात ते अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना रोज दिसतं.

ठेकेदाराकडे माणूस लागतो तेव्हा आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि बँकेचं पासबुक घेतात. मग त्याच्या पुढ्यात कागदांचा गठ्ठा येतो. पेन्सिलनं फुल्या मारलेल्या असतात, फुली दिसेल तिथं सही करायची. मागे रांग उभी असते, वाचायला वेळ कोणी देत नाही. बहुतेक कागद इंग्रजीत असतात, एखादा कोराही असतो.

गेल्या पावसाळ्यात एका पॅकिंग युनिटमधली बाई आमच्या संघटनेच्या ऑफिसात आली. आजारपणात चार दिवस खाडे झाले म्हणून गेटवरच तिचा पास काढून घेतला होता. आम्ही विचारणा केली तेव्हा ठेकेदारानं तिचा राजीनामा पुढे केला. सही तिचीच होती, ती तिनं नाकारली नाही. पण मजकूर इंग्रजीत टाइप केलेला होता आणि बाई चिपळूणच्या शाळेत सातवीपर्यंत मराठीत शिकलेली. सही निळ्या शाईची, तर तारीख काळ्या शाईत आणि वेगळ्याच अक्षरात. कामावर लागली त्या दिवशीच तिचा राजीनामा लिहून घेतला होता, तारखेची जागा तेवढी रिकामी ठेवली होती. ती तो कागद पुन्हापुन्हा उलटून बघत होती आणि एकच गोष्ट विचारत होती, "मी कधी दिला हा?"

मंत्रिमहोदय, जिथं राजीनामा असा घेतला जातो, तिथं बारा तासांची संमती वेगळी कशी घेतली जाईल? त्याच गठ्ठ्यात आणखी एक कागद वाढेल, एवढंच. उद्या आपला अधिकारी तपासणीला आला तर फाइलमध्ये प्रत्येकाची सही मिळेल आणि कायदा पाळला गेला असा शेरा पडेल.

नाही म्हणणाऱ्याचं काय होतं, तेही सांगते. त्याला ओरडतसुद्धा नाहीत. पुढच्या आठवड्यात सुपरवायझर सांगतो, "तुला ब्रेक दिलाय, फोन करतो." फोन येत नाही. वर्षात 240 दिवस भरले की कायद्यानं काही हक्क लागू होतात, म्हणून ते भरायच्या आत ब्रेक देण्याची पद्धत मुंबईत जुनीच आहे. कंत्राटी कामगार कायदा पूर्वी 20 कामगारांच्या ठेकेदाराला लागू व्हायचा. महाराष्ट्रानं ती मर्यादा 50 केली, तेव्हापासून एकाच गेटमधून तीन-तीन ठेकेदारांची माणसं आत जातात आणि प्रत्येकाच्या हजेरीपटावर पन्नासच्या आत नावं. युनियन करायची म्हटलं तर कोणाविरुद्ध करायची, इथून सुरुवात होते. ज्याच्या नोकरीला उद्याचा भरवसा नाही, त्याच्या सहीला आपण स्वखुशी समजता, हे मला मान्य नाही.

मालकांच्या संघटना सांगतात की कामगारांनाच ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, हवा असतो. खरं आहे. आमच्या ऑफिसात येऊन "ओटी बंद केला, काहीतरी करा" म्हणणारीही माणसं आहेत. ती असं का म्हणतात, हे मात्र कोणी विचारत नाही. आठ तासांच्या पगारात नालासोपाऱ्याच्या खोलीचं भाडं, शाळेची फी आणि गावाला पाठवायचे पैसे बसत नाहीत, म्हणून. पगार पुरला असता तर यातला एकही जण बारा तास मशीनपाशी उभा राहायला तयार झाला नसता. कायद्यानं ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, पण तो हातात किती जणांच्या पडतो? ठेकेदाराकडे दोन वह्या असतात. पक्क्या वहीत आठ तास, कच्च्या वहीत खरे तास आणि वरचे पैसे सिंगल रेटनं, पाकिटात घालून. त्यावर ना फंड कापला जातो ना विमा. आता बारा तास कायद्यातच बसले की ती कच्ची वही पकडायला आम्हाला जी काही थोडी जागा होती, तीही जाईल.

हे बारा तास मुंबईत बाराच राहत नाहीत, हेही आपल्याला ठाऊक असेल. मरोळच्या कारखान्यात आठची पाळी असलेली बाई नालासोपाऱ्याहून साडेपाचला निघते. रात्री आठला सुटली की अंधेरी स्टेशनपर्यंत पोचायलाच वेळ जातो. तिथून विरार लोकलमध्ये शिरता आलं तर ठीक, नाहीतर पुढची, त्याच्या पुढची. साडेदहाला घर. मग स्वयंपाक, भांडी, उद्याचा डबा आणि नळाला येईल त्या वेळी पाणी भरणं. पुन्हा साडेपाचला निघायचं. ती झोपते किती आणि आपल्या मुलाला जागं कधी बघते?

आता विधानभवनाकडे येते.

ऑगस्ट 2016 मध्ये आमदारांच्या पगारवाढीचं विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झालं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष त्या दिवशी एक होते. आमदारांचं वेतन प्रधान सचिवांच्या वेतनश्रेणीशी जोडलं गेलं, म्हणजे महागाई भत्ता वाढला की तेही वाढतं. त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही की कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. माजी आमदाराची पेन्शन त्याच विधेयकानं महिना 50,000 रुपये झाली, पाच वर्षांपेक्षा जितकी वर्षं जास्त, तितके दोन-दोन हजार त्यावर. आणि ज्यानं तीस वर्षं कारखान्यात घाम गाळला, फंड भरला, त्याला ईपीएस-95 या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन महिना 1,000 रुपये, ती सप्टेंबर 2014 पासून तेवढीच. ती योजना केंद्राची आहे, हे उत्तर मला माहीत आहे. आपल्या पक्षाचे खासदार तिथंही बसतात.

या तफावतीचा मला संताप येतो आणि तो मी लपवणार नाही. स्वतःचा पगार ठरवताना ज्यांना मालकाची संमती लागत नाही, म्हणजे जनतेला विचारावं लागत नाही, तेच कामगाराचा दिवस तीन तासांनी लांबवतात आणि वर सांगतात की त्याची सही आहे. किमान वेतनाचा आढावा पाच वर्षांच्या आत घ्यायचा, असं 1948 च्या कायद्यातच लिहिलं होतं. तो वेळेवर व्हावा म्हणून संघटनांना निवेदनं देत फिरावं लागतं. कामगाराची महागाई आमदाराच्या महागाईपेक्षा वेगळी असते का?

आठवड्याची सुट्टी आणि आठ तास ही या शहराला कोणी खिरापत वाटलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केलं, तेव्हा कुठं 1890 साली रविवारची सुट्टी मिळाली. कारखान्यातले आठवड्याचे तास 1946 च्या दुरुस्तीनं 48 वर आले, ते विधेयक आणणारे मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. परळ-लालबागच्या अडीच लाख गिरणी कामगारांनी 1982 चा संप केला आणि त्यातले कित्येक उद्ध्वस्त झाले. त्यांची मुलं-नातवंडं आज त्याच गिरण्यांच्या जागेवर उभ्या टॉवरांत सिक्युरिटी गार्ड म्हणून बारा-बारा तास उभी आहेत. वारसांच्या घरांचे अर्ज अजून पडून आहेत, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या केंद्राच्या चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाल्या. याच तारखेला 1955 साली फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला होता आणि माणसं मेली होती. हुतात्मा चौकातल्या स्मारकावर मशाल धरून उभा आहे तो शेतकऱ्याबरोबर कामगारच आहे. दर 1 मे रोजी आपलं सरकार तिथं फुलं वाहतं.

उद्योग दुसऱ्या राज्यांत जातील, त्यांनीही तास वाढवले आहेत, असं आपण म्हणाल. तमिळनाडूनंही एप्रिल 2023 मध्ये विधानसभेत बारा तासांची दुरुस्ती मंजूर केली होती. कामगार संघटना रस्त्यावर आल्या, सत्तेतल्या मित्रपक्षांनीच विरोध केला आणि त्या वर्षीच्या 1 मे रोजी मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी ती मागे घेतल्याचं जाहीर केलं. तिथले कारखाने काही त्यामुळे ओस पडलेले नाहीत.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. बारा तासांचा निर्णय मागे घ्या. तो मागे जाईपर्यंत कोणत्याही कामगाराची संमती भरतीच्या दिवशी घेतलेली चालणार नाही, ती मराठीत किंवा त्याला वाचता येईल त्या भाषेत असावी, दर महिन्याला नव्यानं घ्यावी आणि नाही म्हटल्यावर तीन महिन्यांत त्याला काढलं तर कारण सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असावी, असा आदेश काढा. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकाकडून तो वसूल करण्याची तरतूद कायद्यात पूर्वीपासून आहे, ती वापरा. किमान वेतन आमदारांच्या वेतनासारखंच आपोआप वाढेल अशी व्यवस्था करा आणि जोवर ती होत नाही तोवर सभागृहात स्वतःच्या भत्त्यांचं विधेयक येऊ देऊ नका.

येत्या अधिवेशनात आपण यावर निवेदन कराल अशी अपेक्षा आहे. तोवर आम्ही पाळी सुटायच्या वेळेला गेटवर उभे राहून पत्रकं वाटतोय. कोऱ्या कागदावर सही करू नका, करावीच लागली तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि बाजूला तारीख स्वतःच्या हातानं घाला, असं त्यात लिहिलं आहे.

आपली,
कामगार संघटनेची एक कार्यकर्ती,
अंधेरी (पूर्व), मुंबई