देणगीदार उठून जायच्या आत

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

प्रादेशिक संग्रहालयाच्या सांस्कृतिक इतिहास विभागात सहायक अभिरक्षक (क्युरेटर) म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं वाचून फार आनंद झाला. तुझ्या पत्रात पहिल्या प्रदर्शनाच्या कल्पना भरभरून आहेत. प्रदर्शनं होतीलच, त्याची मला काळजी नाही. मी सगळी नोकरी याच कामात काढली, म्हणून पत्रात ज्याचा उल्लेखही नाही त्याबद्दल लिहिते. वस्तू दारातून आत येते आणि देणारा माणूस तुझ्यासमोर खुर्चीत बसलेला असतो, त्या तासाभरात आपल्या कामाचा निम्मा निकाल लागतो.

समज, कुणी शिवणयंत्र घेऊन आलं. कारखाना, नमुना, साल हे यंत्रावरच्या क्रमांकावरून नंतरही काढता येतं. पण ते चालवलं कुणी? घरच्या कपड्यांसाठी की मजुरीच्या शिलाईसाठी? झिजलेला भाग कुणी आणि कशाने दुरुस्त केला? इतकी वर्षं सांभाळलेलं यंत्र आत्ताच घराबाहेर का निघतंय? हे सगळं फक्त त्या खुर्चीतल्या माणसाला ठाऊक असतं. तो उठून गेला की परत मिळेलच असं नाही. लोक आधी ‘शंभर वर्षं जुनं आहे’ हेच सांगतात, कारण जुनं तेच मोलाचं असा सगळ्यांचा समज. ऐकून घे, मान डोलव आणि हळूच वापराकडे वळ. ‘आजीचं होतं’ यावर थांबू नकोस. आजीचं नाव लिहून घे, यंत्रासोबतचा तिचा एखादा फोटो असेल तर त्याची प्रत माग. परवानगी घेऊन बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेव, म्हणजे तुझी नजर कागदात अडकणार नाही.

कागदही सोडू नकोस. देणाऱ्याला ती वस्तू देण्याचा हक्क आहे का, भावंडांची हरकत आहे का, हे सहीच्या आधी विचारायचं. ‘कायम दालनातच ठेवा’ अशी अट गोड बोलून नाकारायची. जुनी मूर्ती, नाणी, हस्तलिखितं आली तर ती कुठून कुठून फिरत आली याची साखळी हवीच. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार 1970 चा आहे. मधला मालक सांगता येत नसेल तर वस्तू कितीही देखणी असो, हात लावू नकोस.

मग दाखलनोंद, म्हणजे संग्रहात आलेल्या वस्तूला क्रमांक देऊन वहीत नोंदवणं. 2025.14.3 म्हणजे त्या वर्षी चौदाव्या खेपेला दाखल झालेल्यांतली तिसरी वस्तू, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. तुमच्याकडे वेगळी असेल तर तीच पाळ, मध्येच सुधारणा करायला जाऊ नकोस. कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक राळेचा थर, त्यावर क्रमांक, वर पुन्हा थर. कापडाला मात्र क्रमांक लिहिलेली सुती फीत दोन टाक्यांनी शिवायची.

जपणुकीबद्दल लांबण लावत नाही, ते तुला शिकवलेलं आहे. कापड, कागद आणि जलरंगाला 50 लक्सच्या आसपास प्रकाश, तोही मोजक्या महिन्यांपुरता, कारण उडालेला रंग परत येत नाही. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांवर रेंगाळली की बुरशीची भीती. लोकरीला कसर लागलेली दिसली तर वस्तू प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे 30 अंशांवर तीन दिवस ठेवायची. आधी संवर्धकाला, म्हणजे वस्तूंची डागडुजी आणि जपणूक करणाऱ्या तज्ज्ञाला विचारून, कारण सगळ्याच वस्तूंना ही थंडी सोसत नाही. आणि हो, पिसं, कातडी, पेंढा भरलेले प्राणी असला जुना संग्रह उघडताना हातमोजे घाल. पूर्वी कीड लागू नये म्हणून त्यावर आर्सेनिक सर्रास वापरत. हे आई म्हणून सांगतेय.

सगळ्यात जड जाईल ते नाही म्हणणं. भांडारात सात शिवणयंत्रं असताना आठवं येतं आणि आणणाऱ्याचे डोळे भरलेले असतात. लहान प्रदेशातलं संग्रहालय म्हणजे देणारी माणसं उद्या रस्त्यात भेटणार, तरीही नाही म्हणायचं. घेतलेली प्रत्येक वस्तू जागा, पेटी, तपासणी आणि कुणाचातरी पगार मागत राहते. पण आधीच्या सातही यंत्रांमागची माणसं अज्ञात असतील आणि या आठव्याची सगळी कहाणी मिळत असेल, तर मी आठवं घेईन.

घ्यायचं काय, याचा विचार वस्तू येण्याची वाट न बघता कर. लग्नातलं वस्त्र पेटीत टिकतं. रोज अंगावर घातलेलं फाटून पुसायचं फडकं होतं. म्हणून आपल्या संग्रहांत सणासुदीची आणि पैसेवाल्यांची गर्दी असते, राबणाऱ्यांच्या वस्तू शोधाव्या लागतात. आर्टुर हाजेलियुसने 1891 मध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन हे खुलं संग्रहालय सुरू केलं, ते कारखानदारीत खेड्यातलं जगणं पुसून जातंय हे बघून. त्याच स्वीडनमधल्या संग्रहालयांनी 1977 मध्ये सामडोक नावाचं जाळं उभारलं आणि आजचं जगणं आजच गोळा करायचं, ही कामं आपसांत वाटून घेतली. मला स्कान्सेनपेक्षा सामडोकचं धाडस मोठं वाटतं. जाणाऱ्याबद्दल सगळ्यांनाच हळहळ असते. घरोघरी सामान पोचवणाऱ्या माणसाची पाठीवरची पिशवी आत्ता मागून घ्यायला नजर लागते.

दालनात कुणीतरी येईल आणि म्हणेल, ‘हे असं धरत नाहीत, तुम्ही उलटं मांडलंय.’ त्यांना बसव, विचार. ‘आयकॉम’ या संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 24 ऑगस्ट 2022 रोजी प्रागमध्ये संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली, तिच्यात समाजांचा सहभाग आहे, पण हा सहभाग बैठकीतल्या चहापेक्षा अशा एका वाक्यातून जास्त मिळतो. त्यांचं म्हणणं त्यांच्या नावानिशी, तारखेसह नोंदीत घाल. जुनी नोंद मात्र खोडू नकोस. तिच्यात एखाद्या समाजाबद्दल तुच्छतेचे शब्द असतील, तरी नोंदीत ते राहू देत. आपल्याआधीच्यांनी कसं पाहिलं याचा तो पुरावा आहे. भिंतीवरच्या मजकुरात ते येता कामा नयेत, एवढं बघ.

नोंदींच्या प्रती दुसऱ्या इमारतीत आहेत का, हे रुजू झाल्याबरोबर विचार. रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री जळालं, तेव्हा वस्तूंबरोबर मूळनिवासी भाषांची ध्वनिमुद्रणं आणि टिपणंही गेली.

आणि पहिल्या महिन्यात भांडारातली एकच फळी घेऊन ती नोंदवहीशी ताडून बघ. नोंद आहे पण वस्तू नाही, वस्तू आहे पण नोंद नाही, दोन्ही निघेल, सगळीकडेच निघतं. वरिष्ठांना लेखी कळव, बेवारस वस्तूला तात्पुरता क्रमांक दे. अंदाजाने जुना क्रमांक चिकटवायचा मोह होईल, तेवढा टाळ. फळीचं काय झालं ते सविस्तर लिही, मला उत्सुकता आहे.

तुझी,
आई