इंग्रजी शब्द द्यावेत ते बिलावरचे आणि औषधाच्या चिठ्ठीवरचे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवण्यासाठी दर आठवड्याला दहा शब्द अर्थासह छापले जातात. ती कात्रणे मी नेमाने वहीत चिकटवत आलो होतो, परंतु वर्षभरात त्यांतला एकही शब्द मला दवाखान्यात, बँकेत किंवा किराणा दुकानात भेटलेला नाही. 'युबिक्विटस' आणि 'मॅग्नॅनिमस' हे शब्द स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांच्या उपयोगी पडत असतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमची अडचण निराळी आहे. घरात मराठी, पोळात म्हणजे गल्लीत गुजराती आणि टीव्हीवर हिंदी अशी सवय असलेला वडोदऱ्याचा माणूस इंग्रजी शब्दाला बिचकत नाही; तो शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतो, फक्त त्याचा नेमका अर्थ विचारला की थबकतो.

माझ्या भाच्याचे उदाहरण देतो. इंग्रजी माध्यमात शिकलेला, चांगल्या नोकरीत असलेला हा मुलगा क्रेडिट कार्डाच्या बिलावर 'टोटल ड्यू'च्या खाली छापलेली 'मिनिमम ड्यू'ची रक्कम सलग चार महिने भरत राहिला, कारण बँकेने आपल्याला सोयीचा हप्ता बांधून दिला आहे अशी त्याची समजूत होती. 'मिनिमम' म्हणजे कमीत कमी हे त्याला ठाऊक होते आणि 'ड्यू' म्हणजे देणे हेही ठाऊक होते. मात्र 'मिनिमम ड्यू' म्हणजे त्या महिन्यापुरता दंड चुकवणारी रक्कम, उरलेल्या थकबाकीवर व्याज चढतच राहते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, हे त्याला पाचव्या महिन्याचे बिल हातात आल्यावर कळले. मी स्वतः बँकेच्या काउंटरवर बसून निवृत्त झालो आहे. पूर्वी अशा शब्दाचा उलगडा खिडकीपलीकडचा कारकून दोन वाक्यांत करून द्यायचा. आता सगळे व्यवहार मोबाईलवर आल्याने ग्राहकालाच स्वतःचा कारकून व्हावे लागते.

अर्थात कारकूनही फसतो. 'टीडीएस' म्हणजे व्याजातून आधीच कापून घेतलेला कर, हे माझ्या डोक्यात इतके पक्के बसले होते की सौ.च्या औषधाच्या चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे तीच अक्षरे पाहून मी क्षणभर चक्रावलो. तिथे त्यांचा अर्थ दिवसातून तीन वेळा असा होतो, आणि ती अक्षरे मुळात इंग्रजी नसून लॅटिन आहेत. 'बीडी' म्हणजे दोन वेळा. 'एसओएस' ही धोक्याची खूण नव्हे, गरज पडली तरच घ्यावी अशी ती सूचना आहे. खाद्यपदार्थांच्या पाकिटावरचे 'बेस्ट बिफोर' आणि 'यूज बाय' हेही आमच्याकडे एकाच अर्थाने वाचले जाते. पहिल्या तारखेनंतर पदार्थाची चव आणि प्रत उतरू लागते, तर दुसरी उलटून गेल्यावर तो पोटात जाऊ देऊ नये, हा फरक किती जणांना ठाऊक असेल?

दुसरा मुद्दा शब्द छापण्याच्या पद्धतीचा. एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला एक मराठी प्रतिशब्द, या मांडणीने शब्द ओळखीचा होतो पण वापरता येत नाही. आपल्या 'कडक'चेच पाहा. आपला चहा कडक, ऊन कडक, इस्त्री कडक आणि हेडमास्तरही कडक. इंग्रजीत मात्र चहा 'स्ट्राँग', ऊन 'स्कॉर्चिंग', इस्त्रीचा सदरा 'क्रिस्प' आणि हेडमास्तर 'स्ट्रिक्ट'. शब्द त्याच्या जोडीदारासह दिला तरच तो योग्य जागी पडतो. 'पास्ड आऊट' हा आपल्याकडे पदवीधर झाल्याचा आनंदाचा शब्द, पण परदेशातल्या मुलाखतीत तो वापरल्यास समोरचा माणूस प्रकृतीची चौकशी करू लागण्याची शक्यता आहे!

यासाठी शब्दांचा डोंगर लागत नाही. ढाक्यात अनेक वर्षे शिकवलेल्या मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाने १९५३ साली सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली; सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा जवळजवळ ८० टक्के भाग तेवढ्या शब्दांनीच व्यापलेला असतो. उरलेल्यांपैकी आपल्या कामाचे शब्द घरात येणाऱ्या कागदांतच सापडतात. मी आता सदराची कात्रणे थांबवली असून त्याच वहीत आठवड्याला पाच शब्द वीजबिल, विम्याचे पत्र किंवा औषधाचे खोके यांवरून पूर्ण वाक्यासह उतरवून घेतो. ते दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी आणि पुन्हा पंधरवड्याने झाकून आठवून पाहतो. वय ६८ असूनही त्यांतले बहुतेक टिकतात. एका बैठकीत घोकलेले दहा शब्द सोमवारपर्यंतही टिकत नव्हते.

महाराजा सयाजीरावांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, याच शहरातून 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश निघाला आणि राज्यकारभारातल्या इंग्रजी संज्ञांना मराठी-गुजरातीसह सात भाषांतले प्रतिशब्द मिळाले. तो कोश कचेरीतल्या मेजांसाठी होता. आपल्या सदराने तेच काम स्वयंपाकघरातल्या फडताळावर पडलेल्या कागदांसाठी करावे, अशी विनंती आहे. दहाऐवजी पाचच शब्द द्यावेत, प्रत्येक शब्द ज्या कागदावर भेटतो त्याचा उल्लेख करावा आणि तिथले मूळ वाक्य देवनागरीत व मराठी अर्थासह छापावे. पहिल्या आठवड्यासाठी 'आउटस्टँडिंग', 'नॉमिनी', 'मॅच्युरिटी', 'वेव्हर' आणि 'ऑटो-डेबिट' हे शब्द सुचवतो. यांपैकी 'आउटस्टँडिंग' आवर्जून घ्यावा, कारण मुलाच्या प्रगतिपुस्तकावर तो कौतुकाचा असतो आणि कर्जाच्या पत्रावर थकबाकीचा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
दांडिया बाजार, वडोदरा